शोधपट्टीतला हातपंप

स्पर्धा परीक्षांच्या एका ऑनलाइन क्लासमध्ये मी काम करते. शिकवत नाही. शिकवून झालेलं मुलांना पुन्हा सापडावं, अशी व्यवस्था लावते. नातेवाइकांना हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की त्यांचं समाधान होतं आणि विषय लग्नावर येतो. पण या नोकरीत एक वाचन फुकट मिळतं. मुलांनी शोधपट्टीत जे टाकलं आणि ज्याला एकही उत्तर मिळालं नाही, त्या शब्दांची यादी.

‘ते २९ वालं.’ ‘सरपंच हातपंप.’ ‘राजपाल अधिकार.’ ‘दुरुस्ती जी पंचायतची.’ ‘सोप्या भाषेत.’ एकाने नुसतंच ‘उद्या पेपर आहे’ असं लिहिलं होतं. त्याला शोधपट्टीने काय दाखवायला हवं होतं यावर आमच्याकडे बराच खल झाला. बहुमत ‘झोप बाळा’ या बाजूचं होतं.

यांतली हातपंपाची भानगड समजून घेण्यासारखी आहे. आमचे राज्यशास्त्राचे सर पंचायत राज शिकवताना एक गाव उभं करतात. गावात हातपंप बंद पडतो. बायका सरपंचाकडे जातात, सरपंच ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक पंचायत समितीत, आणि समितीतला माणूस नेमका जेवायला गेलेला असतो. सर तो माणूस, त्याचा डबा आणि त्याचा ढेकर सगळं करून दाखवतात. मग सांगतात, की १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, राज्यघटनेला अकरावं परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत आणि पिण्याचं पाणी हा अकरावा. विषय यादीत आहे, पण तो खरोखर किती सोपवायचा आणि पैसे किती द्यायचे हे राज्याच्या हाती. म्हणून हातपंप बंद.

आता या तासाच्या चित्रफितीचं नाव काय? ‘राज्यशास्त्र, व्याख्यान ३४, पंचायत राज (पुढे चालू)’. हे ‘पुढे चालू’ फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी मिळून २००३ पासून चालवत असलेल्या एनपीटेलवर जा. तिथेही एकामागून एक व्याख्यानं इंग्रजीतल्या ‘पुढे चालू’ची पाटी लावून उभी आहेत. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. काल अर्धं राहिलं, आज पुढे चालू. शिकणाऱ्याला मात्र हातपंप हवा असतो. त्याच्या डोक्यात परिशिष्ट हातपंपाखाली ठेवलेलं आहे. शोधपट्टी त्याला परिशिष्टाचं नाव विचारते, आणि ते नाव आठवत नाही म्हणून तर तो बिचारा शोधायला आलेला असतो!

यावर सोपा उपाय असा सांगतात, की यंत्राकडून सगळं भाषण लिहून घ्यावं आणि त्यात शोधावं. आम्ही घेतलं. यंत्राने ‘मूलभूत हक्क’ ऐकले आणि ‘मूळ भूत हक्क’ असे लिहिले. पुढचा अख्खा तास ही भुतं आपले हक्क मागत फिरत होती. शिवाय फळ्यासमोरचा माणूस बोलतो कसा पाहा: ‘हे इकडून घ्या, ते तिकडे जातं, आणि हे जे उरलं तेच परीक्षेला येतं.’ वर्गात बसलेल्याला यात सगळं कळतं. लिहून काढलं की काय उरलं आणि परीक्षेला काय आलं, देव जाणे.

आणि सरांचं ‘बरोबर का?’. दर दुसऱ्या वाक्याला. नुसते शब्द मोजले तर आमच्या अभ्यासक्रमाचा मुख्य विषय ‘बरोबर का’ हाच ठरेल. सुदैवाने केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ मध्येच यावर तोड काढून ठेवली आहे. जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याला शोधताना किंमत कमी द्यायची, मोजक्या कागदांत येतो त्याला जास्त. शोधयंत्रांनी हे सूत्र पुढे मनापासून पाळलं. सरांचं ‘बरोबर का’ त्यामुळे कवडीमोल होतं आणि हातपंपाला भाव येतो.

मराठीच्या स्वतःच्या खोड्या निराळ्या. मुलगा ‘पाणी’ शोधतो. सर ‘पाण्याचा’, ‘पाण्यावर’, ‘पाण्यासाठी’ म्हणत गेलेले असतात. माणसाला ते एकच पाणी दिसतं, यंत्राला चार निराळे शब्द. त्याला सामान्यरूप शिकवावं लागतं, आणि ते शिकवताना शाळेतल्या व्याकरणाच्या बाई फार आठवतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार’ यातला ऱ्या तर खास घातकी. एका कळफलकावर तो टिंबवाल्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र एकमेकांची ओळखसुद्धा नाही. आणि आपल्या प्रशासनात अधिकारी आणि कर्मचारी यांच्यावाचून पान हलत नाही! ‘ॲक्ट’चंही तसंच. त्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधीची सवय असलेले लोक अजून अ वर अर्धचंद्र ठेवतात. मूलभूत कर्तव्यांचं कलम कोणी ५१ए लिहितो, कोणी ५१अ, आणि घटनेच्या मराठी पाठात ते ५१क असतं. जुन्या नोट्सबद्दल तर बोलायलाच नको. त्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. वरून शुद्ध मराठी, आतून इंग्रजी अक्षरांची खिचडी.

हे सगळं आधीच टाळता येतं, असं आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांकडे पाहिलं की वाटतं. त्यांचे पाठ दहा-दहा मिनिटांचे. आधी संहिता लिहायची, मग बोलायचं. ती संहिता दोन रकान्यांत उपलब्ध असते: एकात वेळ, दुसऱ्यात वाक्य. कोणतं वाक्य कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, हे नुसतं वाचून कळतं, आणि अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात. मी फार आशेने हा तक्ता सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, ‘छान आहे. पण यात ढेकर कुठल्या रकान्यात लिहायचा?’

प्रश्न रास्त होता. सरांचा तास संहितेत बसवला तर हातपंपच उरणार नाही. मग मुलांना परिशिष्ट तरी का आठवेल?

सरांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुलांनी तास सलग ऐकावा, असे तुकडे शोधत बसू नये. यावर मी रंगनाथनांना पुढे केलं. एस. आर. रंगनाथन मद्रासला गणित शिकवत होते. १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून, मला परत वर्गात घ्या, म्हणायला गेले. तोच माणूस १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहितो, आणि त्यांतलं चौथं सांगतं, की वाचकाचा वेळ वाचवा. सर म्हणाले, ‘वाचकाचा. श्रोत्याचा नाही म्हणाले.’ घटना शिकवणाऱ्याशी शब्दांवरून वाद घालू नये. पण त्यांचं निम्मं मला पटतं. पहिल्यांदा तास सलगच ऐकावा. शोध असतो तो तिसऱ्या वेळेसाठी, पेपरच्या आदल्या रात्रीसाठी. त्या रात्री तीन तासांची चित्रफीत पुढेमागे सरकवत बसणाऱ्याला शिस्त शिकवण्यात अर्थ नाही.

खरी मदत मुलांनीच केली. प्रत्येक बॅचमध्ये एखादा असा परोपकारी निघतो, जो स्वतःच्या वहीत मिनिटं टिपून ठेवतो आणि ती सगळ्यांना वाटतो. ‘१:१२ ला हातपंप, १:१९ ला २९ विषय, १:३१ ते १:४० सर दुसऱ्या बॅचवर चिडलेत, सोडलं तरी चालेल.’ इतकी प्रामाणिक अनुक्रमणिका क्लासने कधी छापली नसती. मी त्या वह्या मागवल्या आणि अधिकृत नावांशेजारी त्यांचे शब्दही सूचीत घातले. आता ‘हातपंप’ लिहिलं तरी अकरावं परिशिष्ट येतं आणि ‘राजपाल’ लिहिणाऱ्याला मुकाट्याने राज्यपाल भेटतात.

सूची सरांना दाखवली तेव्हा ते ‘ह’ पाशी थांबले. ‘मॅडम, राज्यघटनेच्या सूचीत हातपंप?’

‘तुमचाच आहे, सर. सगळ्यात जास्त तोच शोधतात.’

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘असं असेल तर छत्रीही टाका. राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारांना.’

‘छत्रीचा किस्सा ऐकल्याचं आठवत नाही, सर.’

‘अजून सांगितलेला नाही. गुरुवारी सांगतो.’

गुरुवारी सांगितला. बरा होता, पण हातपंपाची सर नाही. कॅमेऱ्याकडे बघून सरांनी वर हेही सांगितलं, की मुलांनो, हे ‘छ’ खाली सापडेल, बरोबर का?