सोयीच्या मेंदूचा गौरव

जो मेंदू तपासायला सोपा, तोच साऱ्या मानवजातीचा मेंदू. मेंदूविज्ञानाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या परंपरेचा यथोचित गौरव अजून झालेला नाही.

आधी उंदरांचे पाहू. मादी उंदराचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, तेव्हा तिची निरीक्षणे सारखी बदलणार, असे गृहीत धरून तिला प्रयोगशाळेबाहेरच ठेवले गेले. ॲनालिस बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी २०११ मध्ये मांडलेला हिशेब असा : मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे प्रयोग फक्त माद्यांवरच्या प्रयोगांच्या साडेपाचपट. पुढे २०१४ मध्ये झुकर आणि सहकाऱ्यांनी २९३ शोधनिबंध तपासले, तेव्हा माद्यांची निरीक्षणे नरांपेक्षा जास्त चंचल नसल्याचे दिसले. मोजमापावर उभ्या असलेल्या शास्त्राने मोजमापाविना एवढा दृढ विश्वास बाळगावा, हे निष्ठेचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालावे.

निष्ठेची फळे माणसांनाही मिळाली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली ती २०१३ मध्ये. मधली सुमारे वीस वर्षे स्त्रियांनी सकाळची गुंगी सोसली. शास्त्राला घाई करायला लावली नाही.

डावखुरे लोक दहात एक असतात, पण मेंदूच्या प्रतिमा काढताना अनेकदा त्यांना वगळतात. चित्र नीटस येते. दाट कुरळ्या केसांत ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणाऱ्या चाचणीचे, इलेक्ट्रोड टाळूला नीट टेकत नाहीत, तेव्हा कृष्णवर्णीय स्वयंसेवकांची नोंद गाळणे सोपे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आर्नेल एतियेन या विद्यार्थिनीने मात्र केसांच्या घट्ट वेण्या घालून त्यांमध्ये बसतील असे इलेक्ट्रोड घडवले. दोष केसांत नव्हता, उपकरणात होता.

एवढा गौरव पुरे. आता सरळ बोलतो. ज्यांना वगळले जाते, त्यांच्यापाशीच अनेकदा उत्तर असते. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि हा फरक निरक्षर रुग्णांमध्येही दिसला. म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणून बाजूला सारता येत नाही. निरक्षरांना दारातच अडवले असते, तर ही गोष्ट कळलीच नसती.

म्हणून प्रत्येक संशोधन-प्रस्तावात कोणाला वगळले आणि का, हे लिहिणे बंधनकारक हवे. स्मरणशक्तीच्या चाचण्या मराठीत, कन्नडमध्ये, गोंडीत हव्यात, आणि पेन कधीही न धरलेल्या आजीलाही देता येतील अशा हव्यात. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा अनुदानातच धरायला हवा. सर्वसमावेशकता म्हणजे शास्त्राने केलेला दानधर्म नव्हे. तिच्याविना काढलेला निष्कर्ष अपुरा असतो, आणि त्या अपुरेपणाची किंमत रुग्ण मोजतो.