चित्रपत्र पाठवण्याची रीत

बेंगळुरूत कुमार कृपा रस्त्यावर जानेवारीत चित्रसंते भरते. चित्रकला परिषदेच्या या बाजारातून आप्तेष्टांसाठी चित्रकाराने रंगवलेले कार्ड हौसेने आणले जाते. पुढची रीत शास्त्रशुद्ध आहे. कार्डावर मजकूर लिहू नये, शोभा जाते. तिकीट लावू नये, डाग पडतो. टपालपेटीत तर टाकूच नये, कोपरे दुमडतात. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, कार्ड कपाटात ठेवावे. एका कार्डात सगळे गणगोत आटोपते. प्रगत कुटुंबे फोटो बाजारातच काढतात. कार्ड चित्रकाराकडेच सुखरूप राहते. भारतात पोस्टकार्ड 1879 साली आले. साधे कार्ड अजून 50 पैशांना मिळते. ज्यांना खरोखरच काही कळवायचे असेल, त्यांनी ते वापरावे.