पोटहिस्सा

नोकरीची एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. महाड-पोलादपूरकडे भाऊ भावाशी किती इंचांवरून बोलणं टाकतो, हे मी टिपण न उघडता सांगू शकतो. म्हणून दिवाळीला पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या कॉम्प्युटरचं पार्टिशन करू या," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, निवृत्तीनंतरही वाटण्या सुटत नाहीत.

कारण साधं होतं. माझं यंत्र 2012चं. त्यावरच्या विंडोज 10ची देखभाल 14 ऑक्टोबर 2025ला संपली आणि विंडोज 11ला लागणारी टीपीएम नावाची सुरक्षेची चिप त्यात नाही. पुतण्याचं म्हणणं, यंत्र धडधाकट आहे, त्यावर लिनक्स घालू. मी म्हटलं, घाल; पण माझं निम्मं लिखाण जुन्या मराठी फॉन्टात आहे आणि ते विंडोजशिवाय उघडत नाही. म्हणजे जुन्यालाही घराबाहेर काढायचं नाही. "मग दोन्ही ठेवू," तो म्हणाला. मग आपल्या सी-डॅकने केलेलं 'बॉस' लिनक्सही बघू या, असं मीच म्हणालो. दोनाचे तीन करण्याची खोड जुनीच.

आधी सामान हलवणं आलं. ते महाडकराला शिकवावं लागत नाही. सावित्री आणि गांधारी फुगल्या की बाजारपेठेत पहिली हाक 'माळ्यावर चढवा' अशी असते. जुलै 2021मध्ये पाणी असं चढलं की काहींचे माळेही पुरले नाहीत. बॅकअप हा शब्द मी नंतर ऐकला, पण माळा मला जन्मापासून ठाऊक. फोटो, पत्रं, नातीचे नाच, सगळं बाहेरच्या डिस्कवर गेलं आणि ती डिस्क खरोखरच माळ्यावर ठेवली.

मग अडचण उभी राहिली. माझ्या यंत्रातल्या वाटणीच्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत सगळं दप्तर मावतं. त्यातले 64 बाइट वाटणीच्या नोंदीचे: प्रत्येकी सोळा बाइटांचे चार उतारे. शेवटचे दोन बाइट म्हणजे सही-शिक्का. अख्ख्या डिस्कचा सातबारा चौसष्ट बाइटांत! आमच्याकडे एका गावाला कपाट लागायचं. पण उतारे चारच, आणि चारही भरलेले: विंडोजची छोटी राखीव जागा, सी, डी आणि बनवणाऱ्याने ठेवलेला दुरुस्तीचा कोपरा. नव्या यंत्रांत म्हणे 128 हिस्से चालतात. आमच्याकडे पाचव्याला जागा नव्हती.

पुतण्या डोकं खाजवत बसला. मी चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "पोटहिस्सा पडत नाही का?"

तो बघतच राहिला. पडतो की! चारांपैकी एक उतारा मोडून त्याला 'विस्तारित' म्हणायचं आणि त्याच्या पोटात हवे तेवढे हिस्से पाडायचे. लिनक्स त्या पोटहिश्शांना पाचपासून आकडे देतं, चार आकडे मूळ खातेदारांसाठी राखून. हे ज्याने शोधलं तो आमच्याच खात्यातला असणार. डी मोडला. त्यात एक हिस्सा बॉसला, एक लिनक्स मिंटला, एक माझ्या कागदपत्रांना आणि एक छोटा, दोन्ही लिनक्सना मिळून, स्मरणशक्ती कमी पडली तर वापरायला. मी वहीत त्यापुढे लिहिलं: सामाईक विहीर.

कोण आधी आणि कोण मागून यालाही मान असतो. पहिल्या कप्प्यातले उरलेले 446 बाइट म्हणजे घराची ओटी. यंत्र सुरू झालं की आधी तिथे बसलेला बोलतो. विंडोज मागून आलं तर ओटीवरच्याला न विचारता उठवतं आणि दुसरं कोणी घरात राहतं हेच विसरतं. म्हणून ते आधी आणि लिनक्स मागून. लिनक्सचा ग्रब हा ओटीवरचा जुना माणूस: घरभर फिरतो, कोण कोण आहे ते बघतो, पाटी लावतो आणि विचारतो, कोणाकडे आलात?

नांदताना स्वभाव कळले. लिनक्सला विंडोजची खोली दिसते, वाचता येते. विंडोजला लिनक्सची खोली खोलीच वाटत नाही. कधीकधी ते त्या जागेकडे बोट दाखवून विचारतं, ही मोकळी दिसते, नांगर फिरवू का? अतिक्रमणाची सुरुवात अशीच गोड शब्दांत होते. दुसरा वाद घड्याळाचा. यंत्रातल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ आहे असं लिनक्स धरतं; विंडोजला तीच गावची वाटते. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलो की संध्याकाळचे सात वाजलेले असताना दुपारचा दीड दिसायचा. "जेवायला वाढू का परत?" ही विचारायची. शेवटी पुतण्याने लिनक्सला एका ओळीत समज दिली, तेव्हा घरात एकच वेळ झाली.

विंडोज आता महिन्या-दोन महिन्यांतून उघडतो, त्या जुन्या फॉन्टसाठी. मुंबईकर भावाची बंद खोली गणपतीला उघडावी तसं होतं. काम पाच मिनिटांचं, पण आधी झाडलोट, जळमटं. कुठला प्रोग्राम नवा व्हायचाय, कुठला व्हायरस तपासायचाय. तोवर दिवस मावळतो. आणि बंद कर म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही; अर्धवट झोपतं आणि किल्ली उशाशी घेतं, मग लिनक्सला त्या खोलीत नुसतं डोकावता येतं, हात लावता येत नाही.

तीन बिऱ्हाडं, पण एका वेळी जागं एकच. बाकीची दोन आपापल्या हद्दीत निजलेली. हे बघताना मला पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरचं आमचं घर आठवतं. उताऱ्यावर अकरा नावं आहेत. मुंबईची, सुरतेची, बडोद्याची. पोटहिश्शांची मोजणी मी स्वतः, रेघ न हलवता केली. दिवा मात्र एकीचाच लागतो, थोरल्या वहिनीचा.

ग्रब दहा सेकंद वाट बघतो. तेवढ्यात कोणी काही सांगितलं नाही, तर यादीतल्या पहिल्याला उठवून मोकळा होतो. परवा मी एस.टी.तून उतरून चढण चढलो, तेव्हा वहिनी ओटीवर बसल्या होत्या. आता त्यांना लांबचं दिसत नाही. "कोण आलं?" त्यांनी विचारलं. मला दम लागला होता, बोलता येईना. त्या तशाच वाट बघत राहिल्या.