सध्या कुठे?

भोपाळच्या मराठी घरांत शोधलं तर एखादा गुड्डू सापडतोच. पाळण्यातलं नाव अनिरुद्ध नाहीतर हृषीकेश, पण टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरांच्या ओट्यावर असली नावं टिकत नाहीत. गुड्डू हे नाव तेवढं कायम झालं, त्याचं बाकी काहीच कायम नाही. आमच्या गल्लीतला गुड्डू अकरा वर्षांत सात कंपन्या फिरला. मंडळाच्या गणपतीत त्याला कोणी ‘कसा आहेस’ म्हणत नाही, ‘सध्या कुठे?’ म्हणतात. स्मरणिकेत त्याच्या नावापुढे कंपनी छापावी, तर अंक हातात पडेपर्यंत ती जुनी झालेली असते. हल्ली संपादक मंडळी नुसतं ‘खासगी क्षेत्र’ छापून मोकळी होतात.

हे खूळ घराण्यातलं नाही. गुड्डूचे आजोबा १९५६ साली नागपूरहून सरकारी फायलींच्या पाठोपाठ भोपाळला आले. राज्य बदललं, राजधानी बदलली, पोह्यांशेजारी जिलबी आली, पण आजोबांचं टेबल तेच राहिलं. त्याचे बाबा हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. नेहरूंच्या हस्ते १९६० साली उद्‌घाटन झालेला हा कारखाना. पुढे १९७४ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स भेलमध्ये विलीन झाली. म्हणजे बदलायची ती कंपनीच बदलली, बाबा जागचे हलले नाहीत.

गुड्डूची सुरुवात एमपी नगरातल्या एका छोट्या ऑफिसातून झाली. तिथून इंदूर, मग पुणे, मग बंगळुरू. प्रत्येक वेळी कारण एकच: “काका, तिथे शिकण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.” चौदा महिन्यांत एवढं शिकून संपणारं ज्ञान कोणतं असतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर येतं, पण पोरगं पेढे घेऊन आलेलं असतं.

त्याचं तंत्र मात्र अस्सल आहे आणि ते त्याने आईकडून उचललंय. न्यू मार्केटात साडीचा भाव जमला नाही की वहिनी दुकानाची पायरी उतरायच्या, आणि दुकानदार “अरे भाभीजी, सुनिए तो!” म्हणेपर्यंत मागे बघायच्या नाहीत. गुड्डू तसाच राजीनाम्याची पायरी उतरतो. अप्रेझलला आठ टक्क्यांवरून रडणारे साहेब राजीनामा दिसला की पंचवीस टक्क्यांपर्यंत येतात. तो आकडा तो तिसऱ्याच कंपनीला दाखवतो. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये तो जेवढी मेहनत घेतो, तेवढी आधीच्या वर्षभरात घेतली असती तर कंपनीने त्याला सोडलंच नसतं.

खरी मौज झाली २०२० साली. टाळेबंदीत गुड्डू अवधपुरीच्या घरी आला आणि मागच्या खोलीतल्या एकाच खुर्चीवर बसून त्याने दोन नोकऱ्या बदलल्या. सकाळी पोहे खाताना तो एका कंपनीत होता, संध्याकाळच्या चहाला दुसऱ्या. बाबांना कळलं ते एवढ्यावरून की कुरियरवाला काळा लॅपटॉप घेऊन गेला आणि दुसरा एक चंदेरी देऊन गेला. “अरे, पण तू गेला कुठे?” बाबा विचारून राहिले. कंपन्यांच्या टी-शर्टांचा एवढा ढीग जमलाय, की बाबा सकाळी फिरायला निघतात ते छातीवर कुठल्यातरी ऑनलाइन कर्जवाल्याचं नाव मिरवत. पिपलानीतले जुने सहकारी हळूच विचारतात, “घरी सगळं ठीक आहे ना?”

हिशेबाला बसलं की बाबांचा आवाज चढतो. अवधपुरीचं घर त्यांच्या ग्रॅच्युइटीतून उभं राहिलं. १९७२ च्या कायद्याचा तेव्हाचा हिशेब साधा होता: सलग पाच वर्षं एका जागी राहा, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार घ्या. सात कंपन्या मिळून गुड्डूची ग्रॅच्युइटी शून्य. प्रॉव्हिडंट फंडाची कथा आणखी न्यारी. बारा आकडी नंबर एकच, पण खाली मेंबर आयडींची रांग. दोन कंपन्यांनी मधलं वडिलांचं नाव लावलं, बाकीच्यांनी गाळलं. त्यामुळे फंडाच्या लेखी हे दोन वेगवेगळे इसम आहेत आणि पैसे एकाकडून दुसऱ्याकडे जायला तयार नाहीत. “निदान दोन ठिकाणी तरी मी तुझ्याबरोबर आहे,” बाबा म्हणतात.

गुड्डूची बाजूही लंगडी नाही. बाबांना नोकरीबरोबर क्वार्टर होतं, मुलांना टाउनशिपची शाळा होती, दुखलं-खुपलं तर कस्तुरबा हॉस्पिटल होतं. नोकरी सोडायची म्हणजे बिऱ्हाड उचलायचं, शेजार तोडायचा. गुड्डूला कंपनीने दिलंय काय? एक लॅपटॉप, एक पाण्याची बाटली. आणि मंदी आली की मेलवर निरोप द्यायला त्याच कंपनीला नव्वद मिनिटंही लागत नाहीत. अशा ठिकाणी निष्ठा ठेवायची तर ती बाटलीवर ठेवायची काय? पगाराचं म्हणाल, तर आज तो त्याच्या टिकून राहिलेल्या मित्रांपेक्षा बराच पुढे आहे. मला खटकतं ते निराळंच. बाबांनी वाइंडिंग केलेली मोटर पंधरा वर्षांनी दुरुस्तीला यायची, तेव्हा आपला हात कुठे बरा होता आणि कुठे घाईत होता, हे त्यांना तिच्या पोटात दिसायचं. गुड्डूने केलेलं काम पिकायला लागतं तेव्हा तो पुढच्या कंपनीत ओळखपत्रासाठी फोटो काढत असतो. आपली चूक त्याने कधी पाहिलेलीच नाही, म्हणून आत्मविश्वास उदंड.

मध्यंतरी गोविंदपुरा इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखानदाराने बाबांना सल्लागार म्हणून बोलावलं. बाबा डबा घेऊन निघाले आणि दुपारच्या आत परत आले. मालक म्हणाला होता, टेस्टिंग राहू द्या, नुसती सही करा, ट्रक उभा आहे.

गुड्डू हबकलाच. “बाबा, एक दिवस? अहो, निदान वर्ष तरी काढायचं! सीव्हीवर किती वाईट दिसतं! आणि नोटीस पिरियड?”

“दिला ना,” बाबा चपला काढत म्हणाले. “चहा संपेपर्यंत थांबलो होतो.”