नवशिक्या पाद्र्यासाठी सूचना
(इंग्लंडमधलं एखादं खेडं, एकोणिसावं शतक)

शक्यतो रेक्टर व्हा. नाहीच जमलं तर व्हिकर. झगा तोच, देव तोच. पण बहुतेक ठिकाणी धान्याचा आणि गवताचा दशमांश रेक्टरचा, आणि व्हिकरच्या वाट्याला कोंबड्या, सफरचंदं, डुकराची पिल्लं. आपल्याकडच्या बलुत्यासारखाच हा मामला, म्हणजे देणाऱ्याच्या कपाळाला आठ्या ठरलेल्या. 1836च्या कायद्यानं सगळं रोखीवर आलं, तेही गहू-बार्ली-ओटच्या सात वर्षांच्या सरासरी भावानं. तेव्हा बायबलासोबत बाजारभावही वाचत चला.

पद मिळवायला प्रार्थनेपेक्षा ओळख उपयोगी. नेमणुकीचा हक्क बऱ्याचदा गावच्या जमीनदाराकडे असतो, आणि तो विकताही येतो. विक्रीच्या जाहिरातीत सध्याच्या पाद्र्याचं वय पाहा. म्हातारा जितका थकलेला, तितका भाव चढा.

चर्चमध्ये कोण कुठं बसतं, ते आधी पाठ करा. जमीनदाराचं बाक म्हणजे दार लावलेली खोलीच, कधी आत शेकोटीसुद्धा. प्रवचन लांबलं आणि तिथून निखारे ढोसल्याचा आवाज आला, तर ‘आमेन’ म्हणून मोकळे व्हा. मजूर मागं, फुकटच्या फळ्यांवर.

आता खरी परीक्षा: गॅलरीतले वादक. फिडल, क्लॅरिनेट, बॅसून आणि सर्पंट नावाचं नागमोडी धूड. शनिवारी रात्री हीच मंडळी लग्नात नाचाच्या चाली वाजवतात, रविवारी सकाळी स्तोत्रं. चुकून एखादी चाल इकडची तिकडे झाली, तरी मान वर करू नका. ‘जरा सुधारणा’ म्हणून हार्मोनियम आणायची हुक्की तुम्हाला येईलच. आणा, पण मग निम्मं गाव वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही. डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डला कादंबरीकार थॉमस हार्डींचे आजोबा आणि वडील असेच वाजवत. तो ताफा मोडला, आणि 1872 साली नातवानं त्यावर कादंबरी लिहिली. तेव्हा वादकांना नातवंडं आहेत का, ते बघून ठेवा.

विक्षिप्तपणा मात्र बेलाशक करा. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोचे व्हिकर हॉकर निळी जर्सी आणि खलाशाचे उंच बूट घालून हिंडत. फुटलेल्या जहाजांची लाकडं जमवून त्यांनी कड्यावर झोपडी बांधली आणि तिथं कविता लिहिल्या. वाहून आलेली खलाशांची प्रेतंही त्यांनीच रीतसर पुरली. चाळीस वर्षं त्यांना कुणी हलवलं नाही, कारण रेक्टर किंवा व्हिकर एकदा बसला की त्याला उठवणं बिशपलाही जड जातं.

हाताखालच्या क्युरेटला उठवता येतं.