रुमालाखालचं वायफाय

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि उबुंटू अशी दोन बिऱ्हाडं नांदतात आणि त्यांतल्या एकालाच वायफाय मिळतं, अशा गृहस्थांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. दुसरं बिऱ्हाड सहसा आपण आणलेलं नसतं. मे महिन्यात भाचा येतो, “मामा, केवढा स्लो झालाय हो तुमचा लॅपटॉप” म्हणतो, आमरसाच्या दोन पंगतींच्या मधल्या वेळेत डिस्कचे दोन भाग करतो आणि बेंगळुरूला निघून जातो. मागे जे उरतं त्याला ड्युअल बूट म्हणतात.

साहित्य: लॅपटॉप, अँड्रॉइड मोबाईल, डेटा जाणारी केबल (नुसत्या चार्जिंगची चालत नाही, घरात सापडते ती नेमकी तीच), चहा.

आधी विंडोज उघडून पाहावं. तिथे वायफाय ठणठणीत असेल तर चिप आणि राउटर दोघेही निर्दोष सुटले. इंटरनेटवाल्याला फोन करून आवाज चढवण्याची संधी गेली, याचं थोडं वाईट वाटेल.

मग उबुंटूत जाऊन टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडावी. घरातलं कोणी मागून जात असताना उघडल्यास आपलं वजन वाढतं. तिथे ‘आरएफकिल लिस्ट’ (इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं) लिहून एंटर मारावं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असा निकाल आला तर वायफाय नुसतं रुसलंय, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ अशी समजूत घातली की उठून पानावर येतं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ म्हणजे मात्र बाहेरून कडी घातलेली आहे. तिथे गोड बोलून भागत नाही. लॅपटॉपच्या कडेला बारीक स्विच आहे का पाहावं, किंवा वरच्या रांगेतली विमानाचं चित्र असलेली की दाबावी. आमच्याकडे ती कीबोर्ड पुसताना दाबली गेली होती. पुसणारा मीच असल्याने हा विषय घरात वाढवला नाही.

दोन्हीकडे ‘नो’ असेल तर ‘एलएसपीसीआय -के’ लिहावं. मशीनमधल्या कार्डांची लांबलचक यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर गाडी दारात आहे पण ड्रायव्हर गावाला गेलाय. हा ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय मिळत नाही. इथे पुष्कळ जण लॅपटॉप मिटून ठेवतात. मिटू नये. मोबाईल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करावं. उबुंटूला ते वायरीचं नेट वाटतं आणि ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून काम होऊन जातं. सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच विचारतात. कागदावर लिहून ठेवावा. मी लक्षात ठेवला होता.

आता खरं दुखणं. वरचं सगळं जागेवर असूनही वायफाय मरून पडलं असेल तर एक प्रयोग करावा. विंडोज ‘शट डाउन’ करून उबुंटू लावावं: वायफाय नाही. मग विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून उबुंटूत यावं: वायफाय हजर! इथे बाहेरची बाधा असावी असं वाटू लागतं, पण लिंबू आणायची घाई करू नये.

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा प्रवासी आपण पाहिलेला आहे. बहुतेकांनी तो रुमाल टाकलेलाही आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून विंडोज बंद होताना हेच करतं. त्याचं नाव फास्ट स्टार्टअप. आपले उघडे प्रोग्राम ते बंद करतं, पण स्वतःच्या कर्नलचं गाठोडं बांधून डिस्कवर ठेवून जातं, म्हणजे पुढच्या वेळी झटकन उठता येईल. या गडबडीत वायफायचं कार्डही कधीकधी अर्धवट अवस्थेत सुटतं. उबुंटू गाडीत चढतं, सीटवर रुमाल बघतं आणि दांडी धरून उभं राहतं. विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहायला गेलं की ‘फक्त वाचा’ असं बजावलं जातं, तेही याच रुमालापायी. रीस्टार्ट करताना मात्र रुमाल टाकला जात नाही, सगळं खरोखर आवरलं जातं. थोडक्यात, लॅपटॉप नीट बंद करायचा असेल तर तो पुन्हा चालू करावा. हे मी घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही.

रुमाल उचलायचा तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ गाठावं, डावीकडे पॉवर बटणांचं काम ठरवायची ओळ आहे ती दाबावी आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची टिक काढावी. ती निघत नाही. राखाडी होऊन बसलेली असते. वर बारीक अक्षरांत ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाची ओळ असते, ती आधी दाबावी लागते. जे उपलब्ध नाही ते कोणत्या खिडकीवर मिळतं, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना सांगायला नको.

जाता जाता: विंडोजमध्ये दुपारी तीनला सकाळचे साडेनऊ दिसले तर सेल बदलायला धावू नये. मशीनच्या घड्याळात विंडोज इथली वेळ ठेवतं आणि उबुंटू ग्रीनिचची. या साडेपाच तासांचा तंटा उबुंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ लिहिल्याने मिटतो. वायफायशी याचा संबंध नाही, पण भांडण त्याच दोन बिऱ्हाडांचं आहे.

एवढं झालं की उबुंटूत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची यादी झरझर उमटते आणि तिच्यात आपलंही नाव दिसतं. त्यावर क्लिक केल्यावर पासवर्ड विचारला जातो. तो भाच्याने मे महिन्यातच बदलला होता. भाचा मीटिंगमध्ये आहे. तरी धीर सोडू नये. विंडोजला तो पाठ आहे, वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शो कॅरेक्टर्स’ केलं की दिसतो. तेव्हा पुन्हा एकदा विंडोजमध्ये जावं, पासवर्ड चिठ्ठीवर उतरवून घ्यावा, आणि उतरताना सीटवर एकदा नजर टाकावी.