मिरची आणि बोंबील

नंदुरबारला समुद्र नाही. तापी आहे, सातपुडा आहे, उत्तरेच्या शिवेवर नर्मदा आहे. आणि मिरची तर इतकी, की हंगामात ती वाळवायच्या पथारींवरून वारा सुटला की अख्खं गाव शिंकतं. तरी आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत शिरा. समुद्र नाकानेच भेटतो. उभ्या जन्मात लाट न पाहिलेल्या बायका बोंबील मोडून पाहतात आणि "ओला आहे" म्हणून परत टाकतात.

डॉक्टर हल्ली मासे खायला सांगताना ओमेगा-थ्रीचं नाव घेतात. आमच्याकडे नाव न घेता मूठभर सुकट कांद्यावर परततात, भाकरीबरोबर काट्याकवचासकट खातात. प्रथिनांसोबत कॅल्शियमही पोटात जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली, तिथे ही मूठ मोलाची. शिवाय वीज गेली तरी डब्यातल्या बोंबलाला त्याचं काही नसतं.

त्याला हवं असतं ते ऊन. अर्नाळ्याला, गुजरातेत जाफराबादला तो बांबूंवर वाळतो. पण अरबी समुद्र तापलाय, वादळांचा जोर वाढलाय. 17 मे 2021 ला तौक्ते आलं आणि जाफराबादच्या होड्यांची दैना करून गेलं. एवढं वादळही लागत नाही. अवकाळीच्या चार सरी आल्या की अर्धा वाळलेला बोंबील सडतो. असाच पाऊस इथे पथारीवरची मिरची भिजवतो. कालवणातला मासा तिकडे गेला, तिखट इकडे. उरलं मीठ, तेही मिठागरातलं, म्हणजे पुन्हा उन्हाच्याच मर्जीवर!

अर्थात सगळं आभाळाच्या माथी मारणं सोयीचं असतं. अंडी घालायला समुद्रातून नर्मदेत चढणाऱ्या पाला माशाची वाट धरणाने अडवली, ढगाने नव्हे. तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात रोहू-कटला मिळतात, पण ताजा मासा आठवडाभर टिकत नाही, आणि डोंगरातल्या पाड्यावर बाजार आठवड्यातून एकदाच.

2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. बोंबलाला कुणी विचारलं नाही. परवा सुकटीच्या ढिगात बोटभर पापलेटचं पिल्लू वाळून पडलेलं दिसलं. बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेलं. विकणाऱ्या मावशीला म्हटलं, "हा राज्यमासा आहे."

"असू दे," म्हणत तिने तो सुकटीच्याच भावात तागडीत टाकला.